सांता कातारिना: लुटीच्या मालाला कोर्टाचा शिक्का

माझ्याकडे आलेला प्रश्न असा: "१६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ मकाऊहून येणारं पोर्तुगीज जहाज पकडलं. माल ॲमस्टरडॅमला नेऊन विकला आणि तिथल्याच कोर्टाने ते कायदेशीर ठरवलं. ही सरळसरळ चाचेगिरी नव्हती का? आणि जोहोरच्या समुद्रात घडलेल्या गोष्टीवर हॉलंडच्या कोर्टाने निकाल कोणत्या अधिकारात दिला?"

मी मुंबईत ॲडमिरल्टीची वकिली करते. जहाजांना अटक करवणं, अटकेतून सोडवणं, कोर्टाच्या हुकमाने त्यांचा लिलाव करवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे या जुन्या खटल्यांकडे माझी नजर थोडी वेगळी जाते. लढाई कशी झाली यापेक्षा नोटीस कुणाला गेली, दावेदार म्हणून कोण उभा राहिला आणि विकत घेणाऱ्याच्या हाती शेवटी कोणता कागद पडला, हे मी आधी बघते.

थोडक्यात उत्तर देते आणि मग सविस्तर सांगते. त्या काळच्या युरोपीय कायद्यात एखादी पकड चाचेगिरी आहे की नाही, हे जहाज किती निर्दयपणे लुटलं यावर ठरत नसे. पकडणाऱ्याकडे कुणा राज्यकर्त्याची सनद आहे का, पकडलेला त्या राज्याचा शत्रू आहे का आणि पकडलेलं जहाज कोर्टापुढे आणलं का, हे पाहिलं जाई. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची होती, आणि सर्वांत कमी बोललं जातं ते तिच्याबद्दलच.

आता प्रत्यक्ष घटना. याकोब व्हान हीमस्कर्क हा ॲमस्टरडॅमच्या व्यापारी कंपनीचा नोकर. उत्तर ध्रुवाकडून चीनला जाणारी वाट शोधायला निघालेल्या विलेम बारेंट्सबरोबर नोव्हाया झेम्ल्याच्या बर्फात त्याने १५९६-९७ चा हिवाळा काढला होता. १६०१ मध्ये तो पूर्वेकडे निघाला, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनी अजून जन्मायची होती; ती स्थापन झाली मार्च १६०२ मध्ये आणि हीमस्कर्कची कंपनी तिच्यात विलीन झाली. त्याच्याकडे डच फौजांचा प्रमुख असलेल्या प्रिन्स मॉरिसची सनद होती. पण त्या सनदेत दिसेल ते पोर्तुगीज जहाज धरण्याची मोकळीक नव्हती. स्वतःचा बचाव करावा, कुणी नुकसान केलं तर भरपाई वसूल करावी, एवढ्यापुरतीच तिची व्याप्ती होती. पुढचा सगळा वाद याच मर्यादेतून निघतो.

पूर्वेकडे असताना त्याला बातमी कळली की मकाऊला पोर्तुगीजांनी १७ डच खलाशांना फाशी दिली. व्हान नेक या दुसऱ्या डच दर्यावर्दीच्या ताफ्यातले हे लोक किनाऱ्यावर उतरले आणि तिथे पकडले गेले होते. आजच्या दक्षिण थायलंडमधल्या पाटणीच्या बंदरात हीमस्कर्कचा संबंध जोहोरच्या सुलतानाच्या भावाशी आला. मलाय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या जोहोर राज्याचं मलाक्काच्या पोर्तुगीजांशी वैर होतं. मकाऊहून मोठं जहाज येणार आहे ही खबर त्याला याच बाजूने मिळाली. २५ फेब्रुवारी १६०३ च्या पहाटे जोहोर नदीच्या मुखाशी, आजच्या सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्याजवळ, 'सांता कातारिना' नांगरलेली दिसली. हीमस्कर्ककडे 'विटे लेऊ' आणि 'आल्कमार' ही दोन जहाजं होती. दिवसभर तोफा चालल्या. डचांनी नेम मुख्यतः शिडांवर धरला, कारण खाली पाणरेषेवर गोळा बसला असता तर माल समुद्राच्या तळाशी गेला असता. संध्याकाळपर्यंत कप्तान सेबास्तियांव सेरांवने शरणागती पत्करली. जहाजावर सातशेच्या आसपास माणसं होती. त्यांत सैनिक होते, व्यापारी होते, बायका-मुलंही होती. जहाज आणि माल सोडा, जीव वाचेल, असा करार झाला. तो पाळला गेला आणि माणसं मलाक्काला पोचवली गेली.

जहाज मकाऊहून मलाक्कामार्गे गोव्याला निघालं होतं, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी विसरू नये. त्या काळी पोर्तुगीजांच्या सगळ्या पूर्वेकडच्या कारभाराचं ठाणं म्हणजे गोवा. चीनचं रेशीम आणि साखर तिथे उतरायची, काही तिथेच आणि आसपासच्या बंदरांत खपायची, काही लिस्बनच्या जहाजांवर चढायची. 'सांता कातारिना'वर बाराशेवर गासड्या कच्चं रेशीम होतं. चिनी मातीची भांडी तर ढिगांनी. कापूर, कस्तुरी, साखर, सुगंधी लाकूड वेगळंच. ॲमस्टरडॅमला विक्री झाली तेव्हा एकूण रक्कम सुमारे ३४ लाख गिल्डर निघाली. नव्या डच कंपनीचं सगळं भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर होतं. एका जहाजाने त्याच्या निम्म्याहून अधिक पैसा आणला. लिलावात फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांसाठीही खरेदी झाली. युरोपात चिनी भांड्यांची हौस वाढली त्यात या लिलावाचा मोठा हात होता.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. माझ्या दृष्टीने खरा विषय इथून पुढे सुरू होतो.

माल ॲमस्टरडॅमला आला म्हणजे तो कंपनीचा झाला असं नव्हे. हे नीट समजून घ्या. रेशमाची एखादी गासडी तुम्ही विकत घेतलीत आणि सहा महिन्यांनी पॅरिसला नेलीत. तिथे मकाऊच्या व्यापाऱ्याचा मुनीम उभा राहून म्हणाला की ही गासडी माझ्या मालकाची, चोरीची आहे, तर तुम्ही काय दाखवणार? चोरीच्या मालाला चोराकडून मालकी मिळत नाही, हा नियम तेव्हाही होता. म्हणून खरेदीदाराला असा कागद लागतो की ज्यापुढे सगळ्या जगाने गप्प बसावं. तो कागद देणारं कोर्ट म्हणजे प्राइज कोर्ट, युद्धात पकडलेली जहाजं आणि माल यांच्यावर निकाल देणारं ॲडमिरल्टी कोर्ट. 'हे जहाज योग्य रीतीने पकडलेलं आहे' असं त्याने ठरवलं की जुन्या मालकाचा हक्क कायमचा संपतो आणि नव्याचा सुरू होतो. त्यापूर्वी पकडणाऱ्याच्या हाती फक्त ताबा असतो, मालकी नसते.

ॲमस्टरडॅमच्या ॲडमिरल्टीपुढे एका बाजूला हीमस्कर्क, त्याच्या कंपनीचे संचालक आणि सरकारी वकील होते. दुसऱ्या बाजूला कोण? 'ज्यांचा ज्यांचा या जहाजावर काही हक्क असेल ते सगळे.' प्रतिवादीचं नाव नाही. जाहीर नोटीस निघाली, मुदत दिली गेली आणि मुदतीत कुणी आलं नाही. ९ सप्टेंबर १६०४ रोजी गैरहजेरीत निकाल झाला: जहाज आणि माल योग्य प्राइज. आपल्या कोर्टांच्या भाषेत सांगायचं तर एकतर्फी हुकूम.

त्या नोटिशीकडे जरा निरखून पाहा. माल ज्यांचा होता ते व्यापारी मकाऊ, मलाक्का आणि गोव्याला. नोटीस ॲमस्टरडॅमला. तिथून बातमी लिस्बनला जाणार, तिथून वाऱ्याचा मोसम साधून गोव्याला, आणि पुढे मकाऊला. एका बाजूचाच प्रवास वर्षाच्या पुढे जाणार. शिवाय बातमी वेळेवर पोचली असती तरी शत्रूच्या प्रजाजनाने शत्रूच्या कोर्टात वकीलपत्र द्यायचं कसं, हा प्रश्न उरतोच. मला या खटल्यात सर्वांत जास्त खुपते ती ही गोष्ट. तोफा, फाशी, सनदेची ओढाताण यांवर शेकडो पानं लिहिली गेली आहेत. पण सातशे माणसांच्या जहाजावरच्या मालाचा निकाल लागला तेव्हा त्यांच्यातला एकही जण कोर्टात नव्हता आणि असूही शकत नव्हता. कायद्याची रीत अक्षरशः पाळली गेली होती. ऐकून घेणं मात्र झालं नव्हतं.

निकालाची कारणंही बघण्यासारखी आहेत. कोर्टाने एकच पाया धरला नाही, तीन-चार एकत्र बांधले. प्रिन्स मॉरिसची सनद होती. एप्रिल १५९९ चा इस्टेट्स जनरलचा, म्हणजे डच प्रांतांच्या मध्यवर्ती सभेचा, हुकूम होता, ज्याने स्पेनच्या राजाच्या प्रजेचा माल जप्तीला पात्र ठरवला होता; पोर्तुगालची गादी १५८० पासून स्पेनच्याच राजाकडे असल्यामुळे पोर्तुगीजही त्यात आले. त्यावर निसर्गाचा कायदा आणि राष्ट्राराष्ट्रांतला कायदा यांची जोड दिली. स्वसंरक्षण आणि मकाऊच्या फाशीची भरपाई हे मुद्दे त्यात बसवले. एका कारणावर भिस्त ठेवून निकाल टिकेल अशी खात्री असती तर कुणी इतकी कारणं एकावर एक रचली नसती. सनद तोकडी पडते आहे हे त्या मंडळींनाही दिसत असणार, असं माझं मत आहे.

कंपनीच्या आतही सगळे खूश नव्हते. भागधारकांत मेनोनाइट पंथाचे लोक होते, ज्यांना शस्त्राने मिळवलेला पैसा धर्माने वर्ज्य होता. व्यापारासाठी पैसे गुंतवले, लढाईसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. काहींनी अंगच काढून घेतलं. त्यामुळे कोर्टाचा निकाल हाती असूनही कंपनीला स्वतःच्याच माणसांची आणि बाहेरच्या राजांची समजूत घालणं भाग पडलं.

इथे डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस येतो, आणि इथेच एक गैरसमज फार पसरलेला आहे. ग्रोशियसने कोर्टात युक्तिवाद केला आणि खटला जिंकला, असं सर्रास लिहिलं जातं. तारखा तसं सांगत नाहीत. निकाल सप्टेंबर १६०४ चा. कंपनीच्या एका संचालकाचा भाऊ असलेल्या मित्राने त्याला कागदपत्रं पाठवली ती ऑक्टोबरमध्ये. म्हणजे निकाल आधी आणि युक्तिवाद मागाहून. तेव्हा ग्रोशियस २१ वर्षांचा होता. त्याने लॅटिनमध्ये प्राइजच्या कायद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि तो छापलाच नाही. त्यातलं फक्त बारावं प्रकरण १६०९ मध्ये, लेखकाचं नाव न घालता, 'मारे लिबेरुम' म्हणून निघालं: समुद्र कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही आणि पूर्वेशी व्यापार करायला सगळे मोकळे आहेत. बाकीचं हस्तलिखित घराण्याच्या कागदांत पडून राहिलं आणि १८६४ मध्ये लिलावाला आलं तेव्हा लायडन विद्यापीठाने घेतलं. मधली अडीच शतकं लोक हे बारावं प्रकरण स्वतंत्र तत्त्वचिंतन म्हणून वाचत होते. एका लुटीच्या समर्थनासाठी लिहिलेल्या ग्रंथाचा तो तुकडा आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

तरीही त्याच्या एका मुद्द्याची मी मनापासून कदर करते. पोर्तुगीज म्हणत, पूर्वेचा समुद्र आम्ही शोधला, पोपने आम्हाला दिला. ग्रोशियसने उत्तर दिलं की जावा, सुमात्रा, मलबार इथे आधीपासून राजे आहेत, कायदे आहेत, लोक आपल्या मालमत्तेचे मालक आहेत. जे आधीच कुणाचं तरी आहे ते शोधण्याने तुमचं होत नाही आणि पोपला ते देण्याचा अधिकारच नाही. जोहोरचा सुलतान खरा सार्वभौम राजा आहे, त्याला युद्ध करण्याचा अधिकार आहे आणि मित्राला मदतीला घेण्याचाही, हे त्याच्या मांडणीत आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या वकिलाने हे लिहून ठेवलं, ही लहान गोष्ट नाही.

पण त्याच्या पक्षकाराने हे तत्त्व पाळलं नाही. मसाल्याच्या बेटांवर डच कंपनीने करार करून आणि जोर वापरून मक्तेदारी बसवली. १६१३ मध्ये लंडनला डच आणि इंग्रज प्रतिनिधी बोलणीला बसले तेव्हा ग्रोशियस डचांच्या बाजूला होता आणि इंग्रजांनी 'मारे लिबेरुम'मधलेच मुद्दे त्याच्यासमोर ठेवले. करार झाला आहे, करार पाळायलाच हवा, असा बचाव त्याला करावा लागला. १६२१ मध्ये मसाल्याच्या बांडा बेटांवर कंपनीने केलेल्या कत्तलीबद्दल वाचलंत तर समुद्र सगळ्यांना मोकळा आहे या वाक्यापासून कंपनी किती दूर गेली ते कळेल.

कोर्टाशिवाय माल वाटला गेला तर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडमध्ये अकरा वर्षं आधीच दिसलं होतं. ऑगस्ट १५९२ मध्ये अझोर बेटांपैकी फ्लोरेसजवळ इंग्रजांनी 'माद्रे दे देऊश' पकडलं. भारतातून लिस्बनला चाललेलं, सुमारे १,६०० टनांचं, सात मजली जहाज. मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ, रेशीम, मोती, हिरे. डार्टमथच्या बंदरात ते पोचेपर्यंतच खलाशांनी खिसे भरले होते, आणि बंदरात लागल्यावर लंडनपासून व्यापारी धावत आले. खलाशाकडून मूठभर माणकं दारूच्या पैशांत घ्यायची, असा बाजार चालला. राणी एलिझाबेथने आपल्या दरबारातल्या रॉबर्ट सेसिलला पाठवलं. वॉल्टर रॅली या दरबाऱ्याला तर खलाशी त्याचं ऐकतात म्हणून लंडनच्या टॉवरमधल्या कैदेतून बाहेर काढून तिकडे धाडावं लागलं. मालाची किंमत पाच लाख पौंडांच्या घरात होती असं मानतात. हिशोबात उरला तो सुमारे १,४०,००० पौंडांचा. पुढे इंग्लंडमध्ये एक नियम पक्का होत गेला: निकाल लागेपर्यंत माल हलवायचा नाही, गाठोडं फोडायचं नाही. त्यामागे अशा प्रसंगांचा धडा आहे.

ही इंग्रज पद्धत हळूहळू घट्ट झाली आणि तिचे तपशील मला फार आवडतात. जहाज बंदरात आणलं की त्यावर सापडलेला कागदन् कागद शपथेवर कोर्टात जमा करायचा. पकडलेल्या जहाजाचा कप्तान आणि दोन-चार खलाशी यांना ठरलेली प्रश्नावली विचारायची: तू कुठे जन्मलास, कुठे राहतोस, कुणाची प्रजा, जहाजाचा मालक कोण, माल कुणाचा, कोणता झेंडा लावला होता, पाठलाग चालू असताना कुणी कागद समुद्रात फेकले का? पहिला निकाल या कागदांवर आणि या उत्तरांवरच द्यायचा. पकडणाऱ्याला बाहेरून पुरावा आणून भर घालता येत नसे. म्हणजे जहाज स्वतःच साक्षीदार. नोटीस लंडनच्या रॉयल एक्स्चेंजवर लावली जाई. हरकत असेल तर दावेदाराने यावं, निकाल पटला नाही तर वर अपील. तटस्थ देशांचे व्यापारी पुढे अशा अपिलांत जिंकूही लागले. १७०८ च्या कायद्याने राजाने आपला वाटा सोडला आणि प्राइजचा पैसा पकडणाऱ्या जहाजाच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना मिळू लागला. नौदलात भरती व्हायला हे आमिष मोठं होतं.

जमा झालेले ते कागद लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. १६५२ ते १८१५ या काळातल्या सुमारे ३५,००० जहाजांचे. त्यांत एक लाख साठ हजारांच्या आसपास पत्रं आहेत, जी कधी पोचलीच नाहीत, कारण टपालाची थैलीही पुरावा म्हणून जप्त झाली होती. बायकोने नवऱ्याला लिहिलेली, व्यापाऱ्याने भागीदाराला लिहिलेली, कितीतरी अजून न फोडलेली. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाची मंडळी ती उलगडून संगणकावर घेत आहेत. तुम्हाला या विषयात खोल जायचं असेल तर लढायांची वर्णनं सोडून थेट या कागदांकडे वळा.

कोर्टापुढे जहाज न नेण्याची किंमत काय, ते कप्तान विल्यम किडच्या नशिबातून कळतं, आणि ती कथा आपल्या किनाऱ्याची आहे. किडकडे इंग्लंडच्या राजाची खरी सनद होती: फ्रेंच जहाजं आणि चाचे पकडण्याची. ३० जानेवारी १६९८ रोजी मलबारजवळ त्याने 'केदा मर्चंट' पकडलं. बंगालहून सुरतेला चाललेलं, आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं, मोगल दरबारातल्या सरदाराचाही माल असलेलं. किडने फ्रेंच झेंडा दाखवून त्यांना फसवलं आणि जहाजावरून फ्रेंच परवाना बाहेर आला. त्या परवान्यावर त्याचा सगळा बचाव उभा होता: परवाना फ्रेंच, म्हणजे जहाज फ्रेंच, म्हणजे योग्य प्राइज. मात्र प्राइज बॉस्टनला आणून निकाल घ्यायचा, असं त्याच्या करारातच होतं. त्याने तसं न करता माल वाटेतच विकला आणि पैसे वाटून टाकले. मे १७०१ मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत खटला चालला तेव्हा ते फ्रेंच परवाने गायब होते आणि जहाज कोर्टाकडून प्राइज ठरवून का घेतलं नाही, हाच मुद्दा न्यायाधीशांनी ज्युरीपुढे ठेवला. २३ मे रोजी त्याला वॉपिंगला टांगलं. परवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्याच सरकारी दप्तरात सापडले.

त्याने खून केला होता, त्या गुन्ह्यातही तो दोषी ठरला. किड निष्पाप होता असं मी म्हणत नाही. पण बचावाचे कागद सरकारकडेच असताना ते आरोपीला मिळू नयेत, हे कुठल्याही वकिलाला अस्वस्थ करणारं आहे. आणि आर्मेनियन व्यापाऱ्यांचं काय? किडच्या जप्त मालाचे ६,४७१ पौंड आले, ते ग्रिनिचच्या खलाशांच्या रुग्णालयाला गेले.

आता आपल्या किनाऱ्याबद्दल, कारण तुमचा प्रश्न कोकणात आणल्याशिवाय पुरा होत नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला होता. जहाज कुणाचं, तांडेल कोण, शस्त्रं किती, जाणार कुठे, हे त्यात लिहिलेलं. कार्ताझ नाही म्हणजे जहाज जप्त. मोगलांच्या हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपल्या किनाऱ्यावर दस्तकाची तीच पद्धत चालवली: आमचा दस्तक घ्या, जकात भरा, निर्धास्त जा, नसेल तर जहाज धरू. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं आणि इंग्रजी पुस्तकांत तो शब्द दोनशे वर्षं टिकला. मघाशी सांगितलेल्या कसोटीवर घासून पाहा. कान्होजी छत्रपतींचे सरखेल होते, म्हणजे राज्याची सनद होती. किनाऱ्यावर त्यांचे किल्ले होते, जकात होती, तह करण्याची रीत होती. जोहोरच्या सुलतानाला जो अधिकार ग्रोशियसने मान्य केला, तो कुलाब्याच्या सरखेलांना नाकारायला कायद्यात एकही कारण सापडत नाही. कोर्ट नव्हतं एवढाच आक्षेप घेता येईल. पण कार्ताझ नसलेलं गलबत धरणाऱ्या पोर्तुगीज कप्तानाने तरी कोणत्या तटस्थ न्यायाधीशापुढे मालकाचं म्हणणं ऐकून घेतलं होतं?

मुंबईतलं पहिलं ॲडमिरल्टी कोर्टही अशाच गरजेतून निघालं. १६८३ च्या राजाच्या सनदेने इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला असं कोर्ट स्थापण्याचा अधिकार दिला आणि १६८४ मध्ये डॉ. जॉन सेंट जॉन हे रोमन कायद्याचे जाणकार न्यायाधीश म्हणून आले. कंपनीच्या मक्तेदारीला न जुमानता व्यापार करणाऱ्या इंग्रजांची जहाजं जप्त करून त्यांवर निकाल देणं हे त्याचं मुख्य काम. पक्षकार कंपनी, नेमणूक करणारी कंपनी, फायदा कंपनीला. डॉ. सेंट जॉन स्वतंत्र बुद्धीने वागू लागताच कंपनीचे इथले प्रमुख जॉन चाइल्ड यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि त्यांना जावं लागलं. ॲमस्टरडॅमच्या कोर्टाला मी नावं ठेवली, पण मी ज्या शहरात वकिली करते तिथल्या कोर्टाचा उगमही याहून वेगळा नाही.

राहिला तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: अधिकार कुठून? ॲडमिरल्टीत दावा माणसावर नसून वस्तूवर असतो. वस्तू ज्या बंदरात येते तिथलं कोर्ट तिच्यावर निकाल देऊ शकतं, घटना कुठेही घडलेली असो. 'सांता कातारिना'चा माल ॲमस्टरडॅमला आला, म्हणून ॲमस्टरडॅमचं कोर्ट. प्राइजसाठी आणखी एक नियम आहे: पकडणाऱ्याच्याच देशाचं कोर्ट. त्यामुळे न्यायाधीशाचं सरकार आणि फायदा घेणारं सरकार एकच, हा दोष या व्यवस्थेत पहिल्यापासून आहे.

वस्तूवरच्या दाव्याचं तत्त्व आज आपल्याकडे रोज वापरात आहे. गोव्याच्या मुरगाव बंदरातून माल घेऊन गेलेलं 'एलिझाबेथ' हे परदेशी जहाज पुढे विशाखापट्टणमला आलं तेव्हा तिथे त्याला अटक झाली आणि १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीय हायकोर्टांचा हा अधिकार स्पष्टपणे मान्य केला. त्यानंतर २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा आला, १८४०, १८६१ आणि १८९० चे इंग्रजी कायदे रद्द झाले. आज मुंबई हायकोर्टाने अटकेचा हुकूम दिला की शेरिफच्या कचेरीतला माणूस लाँचने जहाजापर्यंत जातो, शिडी चढतो आणि वॉरंट दर्शनी जागी चिकटवतो. बंदराला आणि कस्टमला कळवलं जातं आणि जहाज जागचं हलत नाही. मालक आला नाही तर लिलाव होतो. खरेदीदाराला मिळणारी मालकी सगळ्या बोजांतून मोकळी असते. हे शेवटचं वाक्य ऐकताना तुम्हाला १६०४ आठवेल, आणि ते बरोबरच आहे.

फरक दोन ठिकाणी पडला आहे. लिलावाच्या पैशांवरच्या दाव्यांत आता खलाशांचा पगार पहिला येतो. त्या काळी जीव धोक्यात घालणारा खलाशी वाटणीत शेवटी असे. आणि दावेदाराला खरोखर येता यावं इतका वेळ आणि रस्ता आता आहे: मालकाचा वकील त्याच दिवशी हजर होतो, जामीनरक्कम भरून जहाज सोडवून घेतो, चुकीची अटक झाली असेल तर नुकसानभरपाई मागतो.

प्राइज कोर्ट मात्र इतिहासजमा झालेलं नाही. सनद देऊन खाजगी जहाजांकडून लूट करवण्याची प्रथा १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने युरोपीय राष्ट्रांनी सोडली, पण नौदलाने युद्धात जहाज पकडण्याचा अधिकार शिल्लक राहिला. भारताने १९७१ च्या युद्धाच्या वर्षी नौदल आणि हवाईदलाच्या प्राइजसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो केंद्र सरकारला अशी कोर्टं नेमू देतो. उद्या असं कोर्ट बसलं आणि एखाद्या जहाजावर शत्रूचा माल म्हणून खटला चालला, तर त्या निकालपत्रात मी सर्वांत आधी नोटिशीचा परिच्छेद वाचेन: कुणाला पाठवली, कशी पोचवली आणि उत्तर द्यायला किती दिवस दिले.